रंकाळ्याच्या पुढं धरलेला हात

या, टेका जरा, बसची गंमत सांगतो. आता पास तळहातावरच गोंदतात. हौसाबाईंचा पास रंकाळ्यापर्यंत, पुढं लेकीच्या घरापर्यंत थांब्यागणिक भाडं कापतंय. नवऱ्याचा, सर्जेरावांचा पास मात्र शेवटपर्यंत, आणि त्यांचा हात धरला की तिचं भाडं वाचतंय. पण त्यांनी तिला न विचारता म्हैस विकल्यापासनं दोघांत अबोला!

रंकाळा आला. सर्जेरावांनी हात पुढं केला.

"धर की, हौसा."

"भाड्यापायी धरतीया, ध्यानात असू द्या!"

मग रोजच धरायला लागली.

परवा नियम बदलला. घरात एकाचा शेवटपर्यंतचा पास असला की दुसऱ्याला भाडंच नाही. दोघांनीबी कंडक्टरला येगयेगळं गाठून विनवलं, "आमच्या माणसाला एवढं सांगू नका."

तुम्हीबी त्या बसला बसलात, तर गप बसा.