एक जून

आमच्या दोन खोल्यांच्या शाळेत मीच शिक्षिका आणि मीच मुख्याध्यापिका. कमळी वाशीच्या बाजारात मासळी विकायला बसायची. घरी पोरीला बघायला कुणी नव्हतं, म्हणून चार वर्षांच्या मनस्वीला घेऊन ती माझ्याकडे आली. "लिवा ना बाई कायपन, पन हिला वर्गान बसवा." मी गावातल्या सगळ्या मुलांची टाकते तशी एक जून ही जन्मतारीख टाकली आणि वर्ष दोनने मागे नेलं. पोर शिकेल, एवढंच मनात होतं.

नव्याण्णवच्या वैशाखात मनस्वी एकटीच माझ्या दारात उभी राहिली. "बाई, मना लगीन नाय करायचा. मी सोला वर्सांची हाय. तुमी बाबाला सांगा ना."

मी गेले. तिचा बाप, बाळाराम, अजिबात चिडला नाही. त्याने पत्र्याच्या पेटीतून तिचा शाळेचा दाखला काढला आणि माझ्यासमोर धरला. "अठरा कवाच भरली, बाई. तुमीच लिवलाय न." मी चहा पिऊन परत आले.

मनस्वीचं लग्न झालं, आणि जूनमध्ये एका संस्थेचा फॉर्म आला. देशातल्या बालविवाहांचा अहवाल संयुक्त राष्ट्रांच्या समितीपुढे जाणार होता. 'आपल्या शाळेतल्या किती मुलींची लग्ने अठराच्या आत झाली? वय रजिस्टरप्रमाणे धरावे.'

मी रजिस्टर उघडलं. पानोपानी माझ्याच अक्षरात एक जून.


मी शून्य लिहिलं, आणि खाली तिच्या दाखल्यावर होती तीच सही केली.