सदतिसावा अभिप्राय

कादंबरीच्या शेवटी वाचनालयाने चिकटवलेल्या रेघांच्या पानांवर एकूण एकेचाळीस अभिप्राय होते. पहिले पाच पस्तीस वर्षांपूर्वीचे, शाई तपकिरी पडलेली. चार स्तुतीचे, पाचवा चहाच्या डागाखाली गेलेला. पुढचे छत्तीस गेल्या तीन वर्षांतले. त्यांत बरा शब्द एकही नव्हता.

ती जेवणाच्या टेबलाशी बसून स्वतःचा सदतिसावा लिहीत होती. डाव्या हाताने, हिरव्या शाईत.

आधीचे छत्तीसही तिचेच होते. ‘निवृत्त इतिहास शिक्षक’ म्हणून तिने लिहिलं होतं, ‘त्या काळी महालाला काचेची तावदाने नव्हती. राणी बघते कशातून?’ ‘नवविवाहिता’ म्हणून लिहिलं होतं, ‘राणी आणि सेनापती एकमेकांकडे एकोणीस वेळा बघतात. मी मोजले. पुढे काही होत नाही.’

“आई, आता सोडा की,” सून भाजी निवडता निवडता म्हणाली. “मावशींना पुढच्या महिन्यात सत्तर पूर्ण होतील.”

“म्हणून तर घाई आहे. बहिणीच्या वाढदिवसाला रिकाम्या हाताने जाऊ?”

कादंबरी थोरल्या बहिणीची होती. तिच्यात राजा होता, राणी होती, सेनापती होता आणि दारांना कान लावणारी कजरी नावाची दासी होती. कजरीच्या वरच्या ओठावर तीळ होता, ती नाकात बोलायची आणि खोटं बोलण्याआधी घसा खाकरायची. राणीने सेनापतीला लिहिलेली पत्रं तिनेच जळफळाटाने राजाकडे पोचवली. सेनापतीचं मुंडकं उडालं. पुस्तक आलं त्याच आठवड्यात अख्ख्या गल्लीला कळलं, ही कजरी कोण.

थोरलीची पत्रं तिने वडिलांना दाखवली होती, हे खरं. तेव्हा ती सतरा वर्षांची होती आणि वडिलांनी सरळ विचारलं होतं. घसा तिने खाकरला नव्हता.

पुस्तक आलं तेव्हापासून ती कजरी. रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत तिने एकतीस वर्षं काढली, एकाही नमुन्याची अदलाबदल होऊ दिली नाही. निरोपाच्या भाषणात मोठे डॉक्टर म्हणाले, “आमची कजरी आता कोणाच्या दाराला कान लावणार?” सगळे हसले. तीही हसली. दुसऱ्या दिवशी तिने वाचनालयात नाव घातलं.

वाचनालय दर तीन वर्षांनी नकोशी पुस्तकं काढून टाकी. पहिल्या पानावर ‘बाद’ असा लाल शिक्का मारून ती दारातल्या खोक्यात ठेवत. ज्याला हवं त्याने न्यावं. तिला तो शिक्का हवा होता. शिक्का मारलेली प्रत रंगीत कागदात बांधून थोरलीच्या हातात द्यायची आणि ती कागद सोडेपर्यंत समोर उभं राहायचं, एवढंच.

“तुमचा फारच जीव आहे त्या पुस्तकावर,” सून म्हणाली.

“आहे ना. घेतल्याशिवाय राहत नाही.”

आत बसून त्या पानांना पेन लावायची मुभा नव्हती. पुस्तक घरी न्यावं लागे. घरात चार कार्डं होती. ती आळीपाळीने वापरायची.

संध्याकाळी तिने पुस्तक परत केलं. ग्रंथपाल मुलीने परतीचा शिक्का मारला.

“काय मावशी, तुमच्या घरी सगळ्यांनाच ही कादंबरी आवडते वाटतं?”

“सगळ्यांना,” ती म्हणाली. “बरं, ते बाद करायचं कधी ठरणार?”

“परवा मंडळ बसतंय. सोमवारी याद्या लागतील.”

“मागची पानं वाचतात ना मंडळातले? अभिप्राय वगैरे?”

“मावशी, मंडळ नुसतं सही करतं. कुठलं पुस्तक राहायचं आणि कुठलं जायचं, ते शेवटी वाचकच ठरवतात.”

“वाचकच ना? मग झालं तर.”

घरी जाताना तिने रंगीत कागद घेतला. जांभळा, सोनेरी ठिपक्यांचा.

सोमवारी दार उघडायच्या आधीच ती पायरीवर उभी होती. काचेच्या फळ्यावर दोन याद्या होत्या. पहिली बाद पुस्तकांची, दोनशे चौदा नावांची. तिने ओळीखाली बोट धरून ती वरून खाली वाचली, मग खालून वर. थोरलीचं नाव कुठेच नव्हतं.

दुसरी यादी अर्ध्या पानाची होती: जादा प्रती मागवण्याची पुस्तके. पहिल्याच ओळीत थोरलीचं नाव होतं, त्यापुढे कादंबरीचं, आणि त्यापुढे तीन रकाने. तीन वर्षांत वाचकांनी घरी नेल्याच्या नोंदी: सदतीस. सध्याच्या प्रती: एक. मागवायच्या प्रती: सहा.