झऱ्यावरून आलेलं पान

आज पुन्हा मठाच्या कुंडात ऑलिव्हचं पान आलं, मधोमध नखाची खूण असलेलं. डोंगरावरच्या झऱ्याचा राखणदार झकरियास रोज सकाळी असं पान पाण्यात सोडायचा. कमानींवरच्या पाटातून ते मठात पोचलं, की आम्ही घंटा वाजवायचो. ती ऐकल्याशिवाय तो घरी जायचा नाही. त्याला पुरून नऊ दिवस झाले होते. "कुठंतरी अडकलेलं सुटलं असेल," मी म्हणाले. "रोज एक? तेही हिरवंगार?" सिस्टर डोरोतेया खेकसल्या. झकरियास त्यांचा धाकटा भाऊ. सिस्टर मठात आल्यापासून चाळीस वर्षं दोघांची गाठभेट म्हणजे हे पान आणि घंटा. "तो गेला त्या दिवशी पान उशिरा आलं," त्या म्हणाल्या. " म्हटलं, बसू दे ताटकळत. मी घंटा वाजवलीच नाही. संध्याकाळी गारठून गेलेला सापडला." "मग आता तरी वाजवा, सिस्टर!" त्यांनी पान मुठीत आवळलं. "वाजवली, की तो जाईल गं."