लोकांकडे तोंड करून

घड्याळजी आजोबांनी घसा खाकरला आणि ते पडद्याशेजारी ताठ उभे राहिले. त्यांचे वडील उभे राहायचे तसेच. मूकपटांच्या काळात पडद्यावर चित्रं हलायची आणि वडील शेजारी उभे राहून तोंडाने गोष्ट सांगायचे.

"पंचवीस वर्षांत बाबांनी लोकांकडे एकदाही पाठ फिरवली नाही," आजोबा म्हणाले.

ऐकायला दोघीच होत्या. एक संग्रहालयाच्या बाई. कुठल्याशा तळघरात त्यांना तो हरवलेला चित्रपट सापडला होता. मधल्या मजकुराच्या पाट्या तेवढ्या गेल्या होत्या. त्या पुन्हा लिहायच्या म्हणून गोष्ट तोंडपाठ असलेला हा एकच माणूस त्यांनी शोधून काढला होता. दुसरी आजी. लग्न झाल्यापासून ती ही गोष्ट ऐकत आली होती. शेजारणी म्हणायच्या, सगळ्या थापा. आज त्यांची तोंडं बंद व्हायची होती, म्हणून आजी ठेवणीतल्या चपला घालून आली होती.

बाईंनी दिवे मालवले. यंत्र घरघरलं. आजोबांनी दोघींकडे तोंड करून आवाज लावला. आभाळ फाटलं. नदीला पूर आला. भाऊ वाहून चालला, आणि बहिणीने मागचापुढचा विचार न करता उडी घेतली.

पडद्यावर लख्ख ऊन होतं. एक जाडगेला माणूस अंगणात दाढी करून घेत होता. मागून शेळी आली आणि त्याचा टॉवेल खाऊ लागली.

बाईंनी वहीत 'पूर' लिहिलं. वर पाहिलं. फिल्मच्या डब्यावरचं नाव पुन्हा वाचलं. नाव तेच होतं. मग शेळीने साबणाला तोंड लावलं आणि बाईंना हसू आवरेना.

पुराला आजवर कुणी हसलं नव्हतं. आजोबा अडखळले, आणि त्या घराण्यात पहिल्यांदाच कुणीतरी लोकांकडे पाठ करून पडद्याकडे पाहिलं.

बराच वेळ ते पाहत राहिले. शेळीच्या तोंडाला फेस आला होता.

"बाबा खोटं बोलायचे नाहीत हो," ते हळूच म्हणाले, आणि खुर्ची चाचपू लागले.

आजीने डोळे पुसले.

"बाई, ती शेळी जरा बंद करा," ती म्हणाली. "भाऊ अजून पाण्यात आहे."