डाव्या पायाचा झटका

पडद्यावरचं विमान टेकलं आणि तपासनीस कुलथेच्या हातातला, लँडिंगची पद्धत ओळखणारा मोजक वाजला. "कॅप्टन, हे लँडिंग कंपनीच्या मालकीचं आहे. यंत्र जप्त करावं लागेल."

यंत्र म्हणजे घरीच जुळवलेला सिम्युलेटर: स्कूटरचं हँडल, जुन्या रेडिओची बटणं आणि शिलाई मशीनची दोन पायडलं. विकतच्या सिम्युलेटरने कॅप्टन यामिनी दातारांचे हात ओळखून स्वतःला कुलूप घातलं असतं. सव्वीस वर्षांच्या नोकरीत कंपनीने त्यांच्या हातापायांची प्रत्येक हालचाल नोंदवून आपल्या मालकीची केली होती. आता वैमानिकाविना उडणारी चारशे विमानं त्यांच्याच पद्धतीने उतरत होती.

"माझंच लँडिंग कशावरून?"

"टेकण्याआधी डाव्या पायडलला झटका. नोंदणीकृत खूण आहे."

यामिनीताईंचं डोकं तडकलं. "अहो, शिकताना विमानाचं पायडल अडकायचं, म्हणून लागलेली खोड आहे ती! चारशे विमानांना माझी खोड शिकवलीत आणि मलाच उडायची बंदी?"

त्या पुन्हा बसल्या. धावपट्टी जवळ आली तसा डावा पाय शिवशिवला. दात-ओठ खाऊन त्यांनी तो जागीच रोखला. विमान अलगद टेकलं.

मोजकावर अक्षरं उमटली: 'अनोळखी वैमानिक'.

"हे माझं," त्या म्हणाल्या. "आता चालते व्हा."