बटाटा हलत नाही

खर्र. खर्र. खर्र.

दुपारच्या शांततेत स्वयंपाकघरातून साल काढल्याचा आवाज आला आणि लॅपटॉपवरची तिची बोटं जागीच थांबली. तिने मान वळवून खिडकीकडे पाहिलं. कट्ट्यावर उलटा डबा होता. डब्यावर घडी घातलेला टॉवेल होता. टॉवेलवर बटाटा नव्हता.

ती धावली. सासूबाई ओट्याशी उभ्या होत्या आणि बटाटा अर्धा सोलून झाला होता.

"अहो आई, तो नको! तो माझा मॉडेल आहे!"

सासूबाईंनी आधी बटाट्याकडे पाहिलं, मग सुनेकडे. "अगं, कोंब फुटले होते त्याला. आणखी किती दिवस मिरवणार होतीस?"

ती नवशिक्यांसाठी फोटोग्राफीचं छोटंसं पुस्तक लिहीत होती. कुणी सांगितलं नव्हतं, हौस होती. लेक झाल्यापासून तिने हाती घेतलेलं काहीच तडीस गेलं नव्हतं. अर्धा स्वेटर, अर्धी कादंबरी, रोजचा अर्धा कप चहा. हे तरी पुरं करायचंच होतं. लेक दुपारी झोपली की ती लिहायला बसायची.

खरं तर पहिली मॉडेल लेकच होती. पण तिचा एक फोटो धड येईल तर शपथ. नाकाच्या जागी नुसता फराटा. "हललीस बघ पुन्हा!" ती वैतागून म्हणायची, आणि लेक ओठ काढायची. शेवटी तिने पहिल्या धड्यात लिहून टाकलं : 'मुलं हलतात, म्हणून फोटो हलतो. सुरुवात बटाट्यापासून करावी.'

बटाट्याने मात्र नाव काढलं. जाडजूड पुस्तकांच्या चळतीवर कॅमेरा ठेवायचा, बटण दाबायचं, की बटाटा लख्ख. उजेड बाजूने, उजेड मागून, बटाटा संध्याकाळी. "आपल्या लग्नाच्या फोटोंपेक्षा हा बरा आलाय," नवरा म्हणाला होता. आता शेवटचा धडा तेवढा राहिला होता, आणि मॉडेल पातेल्याच्या वाटेवर होता.

"टोपलीतला दुसरा घे की," सासूबाई म्हणाल्या.

"वाचणारे ओळखतील हो."

"बटाट्याला?"

मागे पावलं वाजली. झोपेतून उठलेली लेक दारात उभी होती. केसांचं घरटं, पण कान जागे. तिने सगळं ऐकलं होतं. खिडकीपाशी स्टूल ओढून ती वर चढली, आजीची तपकिरी शाल गळ्यापर्यंत गुंडाळून घेतली, हातपाय आत घेतले आणि गाल फुगवले.

"मी होते बटाटा. काढ."

पुस्तकं रचत बसायला वेळ कुठला? तिने कॅमेरा तसाच हातात उचलला. लेक खरंच हलेना. नाकावर माशी बसली, तरी हलेना. पापणी लवू नये म्हणून डोळे एवढे ताणले, की त्यात पाणी आलं. "अगंबाई, ही आपलीच ना?" सासूबाई कुजबुजल्या. कॅमेऱ्यामागे तिला हसू आवरेना. तिने बटण दाबलं. मग पुन्हा. मग पुन्हा.

तिघींची डोकी कॅमेऱ्याच्या चिमुकल्या पडद्यावर जमली.

लेकीच्या नाकाच्या जागी फराटा होता. शालीचाही फराटा. स्टुलाचा फराटा. आजवर कधीही न हललेली खिडकीसुद्धा हलली होती.

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं आणि गुपचूप पदर तोंडाला लावला.

लेकीने अजून गाल फुगवलेलेच होते. ते तिने सावकाश सोडले.

"आई, मी तर हललेच नाही. मग कोण हललं?"