सगळ्यांच्या मागे

तिसऱ्या तलावाच्या पाळीवर वझलवारकाकांनी पुन्हा सायकल थांबवली. मीही थांबले.

सकाळी पाच तलावांच्या फेरीला निघताना सायकल क्लबच्या मुलीने मला शिट्टी देऊन बजावलं होतं, "काकू, तुम्ही सगळ्यांच्या मागे राहा. वझलवारकाका सत्तरीचे आहेत, त्यांना एकटं सोडू नका." त्यामुळे मी उतारावरसुद्धा ब्रेक दाबून होते. बाकीचे केव्हाच टेकडीपलीकडे गेले होते.

"दमलात का?" मी जरा तुसडेपणानेच विचारलं.

"छे! तुम्ही व्हा पुढे, ताई."

"आधी तुम्ही."

"तसं नाही चालायचं." त्यांनी शर्टाच्या आतून अगदी तशीच शिट्टी काढून दाखवली. "तुम्हाला सांभाळून आणायला सांगितलंय मला."

खिशातली माझी शिट्टी मी आणखी खोल ढकलली आणि पुढे निघाले.